तोंडवळण

बंडोपंतांची मान पोलादाची होती, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

बंडोपंत म्हणजे एक वर्षाचं बाळ. रबराचं, टकलं, साडेनऊ किलोचं, आणि दिवसातून चार वेळा आपटलं जाणारं. शिरवळच्या बालप्रवास चाचणीशाळेत गाडीतल्या लहान मुलांच्या आसनांची परीक्षा व्हायची आणि ती परीक्षा बंडोपंत द्यायचे. नाव कुणी ठेवलं देव जाणे, पण एवढ्याशा बाळाला अहोजाहो करायची तिथे पद्धतच पडून गेली होती. पंतांना आसनात बांधायचं, आसन घसरगाडीवर चढवायचं, घसरगाडी ताशी पन्नासने सोडायची आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत थांबवायची. मग पंतांच्या मानेला किती ताण बसला ते संगणक सांगायचा.

शलाका रणपिसे तिथे नऊ वर्षं नोकरीला होती. आसन पास की नापास, हे तिच्या सहीवर ठरायचं. सही झाली की आसनाला शिक्का मिळायचा. शिक्का म्हणजे शाईचा नव्हे हो. दोन हजार एकोणचाळीस साल चाललं होतं, शाईचे शिक्के कुठले राहिलेत आता. शिक्का म्हणजे रुपयाएवढी चकती, आसनाच्या पाठीला चिकटवलेली. गाडी सुरू झाली की आत लहान मूल आहे का ते बघायची आणि असलं तर ही चकती शोधायची. सापडली तर उत्तम. नाही सापडली तर गाडी ताशी वीसच्या पुढे जायची नाही, वर 'अमान्य आसन, अमान्य आसन' असा घोष करत सुटायची आणि चाचणीशाळेला परस्पर सूचना धाडून मोकळी व्हायची.

त्या सूचना शलाकाच्या टेबलावर यायच्या. मालकाने लेखी खुलासा द्यायचा, खुलासा चाचणीशाळेच्या जाहीर फलकावर जसाच्या तसा लागायचा, आणि आसन जप्त व्हायचं. बहुतेक आसनं परदेशातून आणलेली असायची. मोठी, खोल, पाठमोरी. मूल चार वर्षांचं होईपर्यंत त्यात मागे तोंड करूनच बसायचं. आपल्याकडे त्यांना मान्यता नव्हती.

फेब्रुवारीत चिपळूणची एक बाई अशीच खुलासा घेऊन आली. नाव उल्का नातू. चार वर्षं स्वीडनमध्ये काढून परत आलेली, सोबत आणलेलं आसन जप्तीला निघालेलं. तिने खुलासा नीट लिहिला होता, आवाज कुठे चढवला नाही. उठताना तिने सहज विचारावं तसं विचारलं, "मॅडम, तुम्हाला मूलबाळ?"

शलाका म्हणाली, मुलगी आहे, दोन वर्षांची.

"ती कुठल्या आसनात बसते?"

"नियमात बसतं त्यात," शलाका म्हणाली, आणि कागदावर 'जप्त' असं लिहिलं. लिहिताना पेन थांबलं नाही. ते थांबलं नाही याचीच तिला पुढे कितीतरी दिवस लाज वाटत राहिली.

कारण शलाकाची मुलगी मिहिका रोज पाळणाघरात जायची ती नेमकी तसल्याच आसनात. पाठमोरी.

आता या पाठमोऱ्या बसण्यात एवढं काय आहे, ते सांगायला हवं. मोठ्या माणसाचं डोकं अंगाच्या मानाने लहान असतं. बाळाचं तसं नाही. त्याचं डोकं म्हणजे अंगाचा चौथा हिस्सा, आणि ते ज्या मानेवर उभं असतं तिच्यातली हाडं अजून हाडं झालेलीच नसतात. मानेचा एकेक मणका जन्मतः तुकड्यातुकड्यांचा असतो आणि ते तुकडे मऊ कूर्चेने जोडलेले असतात. त्या कूर्चेचं हाड बनून मणका एकसंध व्हायला तीन ते सहा वर्षं जातात. गाडी दाणकन थांबली आणि बाळ पुढे तोंड करून असलं, तर पट्टे त्याची छाती धरतात, पण डोकं कोण धरणार? ते पुढे जातं. मणक्यांची कोवळी माळ ताणली जाते, आणि तिच्या आतला मज्जारज्जू तेवढा ताण सोसत नाही. तेच बाळ पाठमोरं असलं तर डोकं, मान, पाठ सगळं मिळून आसनाच्या पाठीत रुततं. मार आसन खातं, मूल खात नाही. साधी गोष्ट आहे.

परदेशी आसनांत गेल्या चार-पाच वर्षांत एक नवी सोयही आली होती. डोक्यामागच्या उशीत एक पट्टी असायची. कानाला ऐकू न येणारा आवाज ती मानेत सोडायची आणि परत येणारा पडसाद ऐकायची. हाडाचा पडसाद वेगळा, कूर्चेचा वेगळा. त्यावरून ती एक दिवा लावायची. लाल म्हणजे मान कोवळी आहे, तोंड फिरवू नका. हिरवा म्हणजे फिरवा खुशाल. वय नाही, वजन नाही, ज्या मुलाची मान त्या मुलाचा दिवा.

बंडोपंतांच्या मानेत मात्र पोलादी स्प्रिंग होती. कूर्चा वगैरे त्यांना माहीत नव्हतं. त्यामुळे पुढे तोंड करून बसवलं तरी ते पास व्हायचे, मागे तोंड करून बसवलं तरी पास. शलाकाला हे ठाऊक होतं. नियमांचा मराठी मसुदा तिनेच लिहिला होता, आणि त्यात तिने घातलं होतं की वय पंधरा महिने आणि वजन दहा किलो झाल्याशिवाय मुलाचं तोंड पुढे करू नये. समितीने आकडे उतरवले, आणि त्याहून मोठं म्हणजे 'आणि'चं 'किंवा' केलं. वय बारा महिने किंवा वजन नऊ किलो.

तिचे वरिष्ठ कारखानीस साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी तिला समोर बसवून समजावलं, की बाई, आपल्या गाड्या केवढ्या आणि आत माणसं किती. पाठमोरं एवढं धूड मागे बसवलं तर पुढच्या आजोबांचे गुडघे हनुवटीला लागतील. लोक आसन माळ्यावर टाकतील आणि पोराला मांडीवर घेतील. मांडीवरचं पोर वाचतं का? उत्तमाच्या नादात बरं आहे ते घालवू नका. त्यात तथ्य होतं. शिक्क्याची आसनं आल्यापासून मुलं वाचत होती, हेही खरं होतं. शलाकाने मग बंडोपंतांच्या मानेबद्दल एक टिपण लिहिलं, ते परिशिष्ट सात म्हणून मागे जोडलं गेलं, आणि तिने पुढच्या पानावर सही केली. परिशिष्ट सात आजवर कुणी उघडून पाहिलेलं नाही.

सही केली त्याच महिन्यात तिने तेजसच्या, म्हणजे नवऱ्याच्या, मित्राकडून ते परदेशी आसन मागवलं. आपटून मोडलेल्या एका देशी आसनाची चकती नखाने सोलून पर्समध्ये टाकली आणि घरी येऊन परदेशी आसनाला चिकटवली. वरून जुनी गोधडी घातली. गाडी फसली. तेजस एवढंच म्हणाला की सांभाळून गं, नोकरी जाईल. ती म्हणाली, नोकरीपेक्षा मान मोठी. तेव्हा तिला ते बोलणं मोठं शहाणपणाचं वाटलं होतं.

*

तेजसची धाकटी बहीण केतकी कराडला दिली होती. नणंद-भावजयीचं मेतकूट म्हणावं असं त्यांचं जमायचं. केतकीला मुलगा झाला, विहंग, आणि त्याच्यासाठी आसन घ्यायची वेळ आली तेव्हा तिने दुसऱ्या कुणाला कशाला विचारावं? घरातच वहिनी त्या खात्यात. तिने फोन करून विचारलं की दुकानात दहा प्रकार आहेत, कुठलं घेऊ.

शलाका तेव्हा कचेरीत होती, समोर कारखानीस साहेब बसले होते. ती म्हणाली, "शिक्का बघून घे."

चार शब्दही नाहीत. साहेब निघून गेल्यावर परत फोन करून बाकीचं सांगू, असं तिने मनात ठरवलं होतं. पण बाकीचं सांगायचं म्हणजे स्वतःच्या आसनाचं सांगायचं, आणि मग चकतीचंही सांगायचं. केतकीच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे अख्ख्या घराला माहीत होतं. आज करू, उद्या करू म्हणता म्हणता तो फोन राहून गेला.

इकडे आसनवाल्या कंपन्यांनी एक नवंच खूळ काढलं होतं. मूल पाठमोऱ्याचं पुढे फिरवायचं त्या दिवसाला त्यांनी नाव दिलं तोंडवळण. 'बाळाला वेळेत वळण लावा,' अशी जाहिरात. आपल्या लोकांना निमित्तच हवं असतं. उष्टावण, बोरन्हाण, जावळ यांच्या पंगतीत तोंडवळण जाऊन बसलं. गाडीला तोरण, बाळाला झबलं, पेढे, आणि आसनाची कळ फिरवायचा मान मामीचा. असा मान कुठल्या पोथीत लिहिलाय म्हणाल, तर कुठल्याच नाही. पण दोन वर्षांत तो अनादि काळापासून असल्यासारखा झाला.

विहंगचं तोंडवळण दहाव्या महिन्यातच ठरलं. पोरगं गुटगुटीत होतं, नऊ किलो भरलं होतं, आणि नियमात 'किंवा' होतं. केतकीच्या सासूबाईंना केवढा अभिमान. त्या येईल त्याला सांगत होत्या, की शेजारच्यांचा तेरा महिन्यांचा झाला तरी अजून मागेच तोंड, आमच्याचं बघा.

शलाकाने आपली गाडी दोन गल्ल्या सोडून लावली. केतकीने तेवढ्यात विचारलंच, की मिहिकाचं तोंडवळण कधी केलंत, आम्हाला साधं बोलावलंही नाही. शलाका म्हणाली, कामाच्या गडबडीत राहूनच गेलं. केतकी लटकं रुसली आणि पेढा भरवून मोकळी झाली.

दारात गाडी उभी होती. सासूबाईंनी औक्षण केलं. विहंग आसनात पाठमोरा बसून तोरणाचं झेंडूचं फूल कुस्करत होता. सगळ्यांनी शलाकाला पुढे केलं. तिने कळीवर हात ठेवला. आत्ता बोलले तर, तिला वाटलं, आत्ता एवढंच म्हटलं की राहू द्या अजून दोन वर्षं, तर काय होईल? सगळे विचारतील का म्हणून. तुझ्याच सहीचा नियम ना, म्हणतील. मिहिका कशात बसते, म्हणतील. मागून कुणीतरी म्हणालं, "अहो मामी, घ्या की मान."

तिने कळ फिरवली. आसन खट् आवाज करून वळलं. विहंगला पहिल्यांदाच गाडीतून पुढचा रस्ता दिसला आणि तो खुदकन हसला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शलाकानेही वाजवल्या.

*

तीन आठवड्यांनी मसूरच्या रस्त्यावर उसाची ट्रॉली वळणावर आडवी आली. केतकी गाडी चालवत होती. वेग फार नव्हता, चाळीस-पंचेचाळीस असेल. तिला खरचटलंसुद्धा नाही. गाडीचा पुढचा भाग तेवढा गेला. विहंग पट्ट्यात जसाच्या तसा होता, रक्त नाही, खोक नाही. फक्त तो रडत नव्हता.

साताऱ्याच्या रुग्णालयात सहा आठवडे गेले. जीव वाचला. मानेतली कूर्चा ताणली गेली होती, मज्जारज्जूला धक्का बसला होता. श्वास ठीक झाला, पाय हलायला लागले, डावा हात मात्र पडल्यासारखा राहिला. डॉक्टर म्हणाल्या की येईल हळूहळू, पण किती येईल ते आज सांगता यायचं नाही.

शलाका दुसऱ्याच दिवशी धावत गेली होती. केतकी व्हरांड्यात बाकावर बसली होती. वहिनीला बघताच ती उठली, गळ्यात पडली आणि रडत रडत म्हणाली, "बरं झालं तू शिक्का बघून घ्यायला सांगितलंस वहिनी. नाहीतर हातचा गेलाच असता गं."

शलाकाला वाटलं, हिने आपल्या थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. ती केतकीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.  घरी येऊन तिने मिहिकाला जेवायला घातलं आणि स्वयंपाकघरात एकटीच उभी राहून स्वतःला शिव्या घातल्या. त्यानंतर सहा आठवडे ती रोज डबा पाठवायची, औषधं आणून द्यायची, पडेल ते काम करायची. केतकीच्या सासूबाई सगळीकडे सांगायच्या, भावजय असावी तर अशी. एकेका कौतुकाने तिचा जीव अर्धा होत होता.

विहंगला घरी सोडायचा दिवस आला. डॉक्टरांनी बजावून सांगितलं की मुलाला पाठमोरंच न्यायचं, मान आणि पाठ पूर्ण टेकलेली पाहिजे. विहंगचं आसन अपघातात निकामी झालं होतं, आणि बाजारातली आसनं पाठमोरी चालायची ती तान्ह्या बाळांपुरतीच, त्यात हा मावेना. केतकीचा नवरा सुजित म्हणाला, रुग्णवाहिका बघतो. शलाका म्हणाली, रुग्णवाहिका नको, माझ्या गाडीत सोय आहे.  सुजित सामान घेऊन एसटीने पुढे गेला.

दुपारची वेळ होती. रुग्णालयाच्या आवारात, कडुनिंबाच्या सावलीत गाडी उभी होती. शलाकाने मागचं दार उघडलं आणि गोधडी काढली.

केतकी बघत राहिली. मग तिने विहंगला त्यात ठेवलं. त्याच्या मानेला पट्टा बांधलेला होता, तरी उशीला टेकताच दिवा लागला. लाल.

"हे काय सांगतंय?" केतकीने विचारलं.

"मान कोवळी आहे म्हणतंय. तोंड पुढे करू नका म्हणतंय."

"तोंडवळणाच्या दिवशी याला यात बसवलं असतं, तरी लालच लागला असता?"

"हो."

"आणि तुला ते माहीत होतं."

"हो," शलाका म्हणाली. "कळ फिरवताना माहीत होतं."

केतकी ओरडली नाही. ती गाडीला टेकून उभी राहिली आणि विहंगच्या डाव्या हाताची बोटं एकेक करून सरळ करू लागली. शलाकाने मग सगळं सांगितलं. पोलादाची मान, 'किंवा', परिशिष्ट सात, गोधडी, राहून गेलेला फोन. सांगताना स्वतःची बाजू म्हणून तिने एक वाक्यही उच्चारलं नाही, कारण तिच्याकडे ती नव्हतीच. भीती होती फक्त, नोकरीची आणि अब्रूची. तिने आसनाच्या मागे हात घातला, चकतीखाली नख घालून ती सोलून काढली आणि केतकीच्या हातात ठेवली.

"चोरीची आहे ही," ती म्हणाली. "आता गाडी सूचना पाठवेल. ती माझ्याच टेबलावर येईल आणि खुलासा मला द्यावा लागेल. खुलासा फलकावर लागतो, कुणाला दाबता येत नाही. त्यात मी हे सगळं लिहिणार आहे."

नोकरी जाईल हे तिने सांगितलं नाही. हे आसनही जप्त होईल आणि परवापासून मिहिकाला शिक्क्याच्या आसनात बसावं लागेल, हेही सांगितलं नाही. ते केतकीला आपोआप कळलं असावं.

"त्याने याचा हात हलेल का?" केतकीने विचारलं.

"नाही."

"मग चल."

साताऱ्यापासून कराड पन्नास-पंचावन्न किलोमीटर. ताशी वीसच्या वेगाने अडीच तासांच्या वर लागले. शलाकाने सेवा रस्ता धरला होता. मागून ट्रक, दुचाक्या, ऊसवाले बोंबलत ओलांडून जात होते. गाडी दर दोन मिनिटांनी म्हणत होती, अमान्य आसन, अमान्य आसन. केतकी मागे विहंगच्या शेजारी बसली होती. एकदा तिने त्याला पाणी पाजायला गाडी थांबवायला सांगितली, तेवढंच. विहंग मागच्या काचेतून मागे पडणारा रस्ता बघत होता आणि उंब्रजच्या पुढे झोपला.

घरी सासूबाई दारात भाकरतुकडा घेऊन उभ्या होत्या. त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्या हाक मारून म्हणाल्या, "आधी मामीला पुढे येऊ द्या. मान तिचा."

केतकी विहंगला घेऊन उतरली. "मामीला काम आहे," ती म्हणाली. मग खिडकीशी वाकून, सासूबाईंना ऐकू जाणार नाही अशा बेताने बोलली, "मला करायचा फोन तुझा राहून गेला ना वहिनी. अजून ज्यांना ज्यांना 'शिक्का बघून घे' म्हणाली असशील, त्यांना आता कर. इथे बसून कर, मला दिसेल असा."

ती ओट्यावर गेली आणि मुलाला मांडीवर घेऊन गाडीकडे तोंड करून बसली.

शलाकाने फोन काढला. नात्यातल्या दोघी होत्या, शेजारची एक होती, कचेरीतला शिपाई होता, त्याला परवाच नातू झाला होता. पण तिने सगळ्यात आधी चिपळूणचा नंबर शोधला. पलीकडून उल्का नातूंचा आवाज आला. मागे कुठेतरी लहान मूल बडबडत होतं. शलाकाने आपलं नाव सांगितलं, चाचणीशाळेचं सांगितलं. बाई सावध झाल्या. आसन तर तुम्ही नेलंत, म्हणाल्या, आता आणखी काय राहिलं?

"तुम्ही मला एक विचारलं होतं," शलाका म्हणाली. "माझी मुलगी कुठल्या आसनात बसते म्हणून. त्याचं उत्तर द्यायचं राहिलंय."